हंगेरीचा तमाश काशाश कोण? निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्याच्या वॉटर पोलोच्या क्लिप्स अजून का फिरतात?

काशाश बुडापेस्टचा, जन्म १९७६. सिडनी २०००, अथेन्स २००४ आणि बीजिंग २००८ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणाऱ्या संघात तो होता. तिन्ही वेळा संघात असलेले खेळाडू जेमतेम सहा, त्यांतला हा एक. १९९६ आणि २०१२ धरून ऑलिंपिक पाच. २००३ चं जागतिक विजेतेपद वेगळं. वडील झोल्तान यांनाही १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळालं होतं. क्लबसाठी तो इटलीत प्रो रेक्कोकडून खेळला.

क्लिप्स चालतात त्या मुख्यतः त्याच्या हुलकावण्यांमुळे. वॉटर पोलोत तळाला पाय टेकवायचे नसतात. दोन्ही पाय गुडघ्यातून आळीपाळीने उलटसुलट गोल फिरवत अंग वर धरायचं आणि चेंडू एकाच हातात पेलायचा. दोन मीटर उंचीचा काशाश असा वर आला की हात मागे नेऊन मारल्याचं नुसतं नाटक करायचा. गोलकीपर उसळी घेतो, पण हवेत थांबता येत नाही. पाण्यात परत बसून पाय पुन्हा लागेपर्यंत त्याला दुसरी उसळी मिळत नाही. नेमका तो खाली येताना खरा फटका. गोलपोस्ट ३ मीटर रुंद आणि पाण्यापासून फक्त ९० सेंटिमीटर उंच, म्हणून वेळ साधणं हे जोरापेक्षा महत्त्वाचं. नवशिके हे करताना फसतात ते पायांमुळे: हुल देताना गुडघे जवळ येतात, अंग बुडतं आणि चेंडू आडव्या दांड्यावरून जातो.

पण खरं सांगायचं तर दहा सेकंदांच्या क्लिपमध्ये निम्मा काशाश दिसतच नाही. त्याचा बचाव आणि पास बघायचे असतील तर पूर्ण सामना शोधा. माझी निवड अथेन्सची फायनल: सर्बिया-मॉन्टेनेग्रोविरुद्ध ५–७ अशी पिछाडी, मग सलग तीन गोल आणि ८–७. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू फाउलसाठी २० सेकंद बाहेर गेला की चेंडूवरची नजर काढा. सहा हल्लेखोरांपुढे पाच बचावपटू उरतात. पास कुठून कुठे फिरला आणि कुठला बचावपटू उशिरा सरकला ते बघा, गोल तिथूनच होतो.

शोधताना रोमन लिपीत आडनाव के-ए-एस-ए-एस असं टाका. हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात, त्यामुळे क्रम उलटा करूनही बघा. यादीत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला हंगेरीचा रक्ताळलेला खेळाडू एर्विन झादोर आला तर तो सामना वेगळा: हंगेरी ४, सोव्हिएत संघ ०. काशाशच्या जन्माच्या वीस वर्षं आधीचा, पण बघाच.