पितृपक्षात शोरूममधल्या डिटेलरला काम असतं का?

प्रश्न असा आहे: "वय 21, आयटीआय झालंय, कागलला राहतो. हायवेवरच्या एका कार शोरूममध्ये डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या आतून-बाहेरून धुऊन-पॉलिश करून तयार करायचं, काम मिळतंय. मित्र म्हणतात, दसरा-दिवाळी सोडली तर गाड्या खपत नाहीत, मग तुला बसवून ठेवतील नाहीतर काढून टाकतील. घेऊ का काम?"

भावा, मी 11 वर्षं हेच काम करतोय. काम घे. पण हो म्हणायच्या आधी पगार कसा ठरलाय ते नीट विचार, कारण मंदीत तू टिकणार की नाही ते बरंचसं त्यावरच ठरतं.

आपल्याकडं दोन पद्धती आहेत. एक म्हणजे डीलरच्या पटावर, महिन्याचा ठरलेला पगार. दुसरी म्हणजे कंत्राटदाराचा माणूस, गाडीमागं पैसे. दुसऱ्यात धनत्रयोदशीच्या आठवड्यात हातात चांगले पैसे येतात, आणि आषाढात घरी उसने मागायची वेळ येते. मी पहिली दोन वर्षं कंत्राटदाराकडं होतो. दुसऱ्या वर्षी जुलैत आम्हा चौघांना फोन आला, "गाड्या नाहीत, पंधरा दिवस येऊ नका." मी राधानगरीकडं मामाच्या शेतात रोपलावणीला गेलो. परत आलो तर चौघांपैकी दोघांनाच घेतलं. मला का घेतलं असेल याचा तेव्हा खूप विचार केला. पॉलिशचं मशिन चालवता येणारे आम्ही दोघंच होतो, एवढंच कारण होतं.

त्यामुळं जमलं तर ठरलेला पगार घे, महिन्याला हजार-दोन हजार कमी पडले तरी चालतील. पगाराच्या कागदावर पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहे का बघ. ईएसआयला 21,000 रुपयांपर्यंतच्या पगाराची माणसं बसतात, आपल्या पगारातून 0.75 टक्केच कापतात. दिवसभर पाण्यात आणि केमिकलमध्ये हात असतात, त्यामुळं त्या कार्डाची गरज पडतेच.

आता मंदीबद्दल. ती वर्षातून एकदा येत नाही, बऱ्याचदा येते. आषाढात पेरण्या आणि पाऊस, पितृपक्षात पंधरा दिवस कोण गाडी घरी नेत नाही, अधिक महिना आला तर सगळाच महिना थंड. डिसेंबरात लोक जानेवारीची वाट बघतात, गाडी नव्या सालची लागावी म्हणून. त्याच सुमारास ऊस जायला लागतो. कायद्यानं बिल 14 दिवसांत मिळायला पाहिजे, आणि ते खात्यावर आलं की गावाकडचं गिऱ्हाईक शोरूममध्ये दिसायला लागतं.

2025 सालचं सांगतो, म्हणजे मंदीत काय असतं ते कळेल. 15 ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटी कमी होणार असं जाहीर केलं आणि गिऱ्हाईक थांबलं. गणपतीतसुद्धा डिलिव्हऱ्या मोजक्याच. मग 8 सप्टेंबरपासून पितृपक्ष. छोट्या गाड्यांचा 18 टक्क्यांचा नवा दर 22 सप्टेंबरला लागू झाला आणि त्याच दिवशी घटस्थापना. सव्वा महिना यार्डात, म्हणजे न विकलेल्या गाड्या उभ्या करायच्या जागेत, गाडीला गाडी लागलेली होती, आणि 22 तारखेपासून सगळ्यांना गाडी त्याच मुहूर्तावर पाहिजे. त्या सव्वा महिन्यात आम्ही यार्ड नीट ठेवलं होतं, म्हणून नवरात्रात एक गाडी दीड-दोन तासांत हार घालायला तयार व्हायची. नाहीतर प्रत्येक गाडीला अर्धा दिवस गेला असता.

यार्ड नीट ठेवणं म्हणजे नुसतं धुणं नव्हे. उभी गाडी बिघडत असते. बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात, उंदीर वायरी कुरतडतात. पावसाळ्यात सीटच्या प्लॅस्टिक कव्हरखाली दमट राहतं आणि कोऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर पांढरी बुरशी येते. ऊन पडलं की चारी दारं उघडायची, मॅट बाहेर काढायच्या, इंजिन चालू करून एसी थोडा वेळ फिरवायचा. बोअरच्या पाण्यानं धुतलेली गाडी उन्हात तशीच वाळू द्यायची नाही, पांढरे ठिपके बसतात आणि नंतर पॉलिशलाही दाद देत नाहीत.

पक्ष्याची विष्ठा दिसली की त्याच दिवशी काढायची. हे मी नुकसान करून शिकलोय. काळी सेडान होती, मे महिना, चार दिवस बॉनेटवर तसंच राहिलं. मी ते कोरड्या फडक्यानं खरवडलं. खाली रंगात खड्डा पडलेला, वर माझे ओरखडे. कंपनीचा रंग सगळे थर धरून साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, त्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, 40-50. एकदा कटिंग मारलं, म्हणजे मशिननं घासून वरचा थर थोडा काढला, की त्यातले काही मायक्रॉन कायमचे गेले. त्या कोऱ्या गाडीला मी कटिंग मारलं, डाग निघाला, पण गिऱ्हाइकानं पहिल्या दिवशीच पातळ झालेला रंग घरी नेला. त्याला ते माहीत नाही. मला आजही ती गाडी रस्त्यात दिसली की वाईट वाटतं. आधी ओलं फडकं दहा मिनिटं ठेवायचं, भिजू द्यायचं, मग उचलून घ्यायचं. एवढंच करायचं होतं.

गळिताच्या हंगामात कारखान्याची काजळी पडते, तिलाही हेच लागू. कोरडं पुसलंस की रंगावर बारीक ओरखड्यांची जाळी पडलीच. आधी पाण्याचा फवारा, मग साबणाचा फेस, मग हात लाव.

मशिन शिकायला मंदीसारखी वेळ नाही. बॉडीशॉपमध्ये ॲक्सिडेंटच्या गाडीचं बदललेलं बॉनेट पडलेलं असतं, ते सुपरवायझरकडून मागून घे. आधी डीए मशिनवर (गोल फिरता फिरता हलणारं, रंगाला सौम्य) हात बसव, रोटरी (एकाच जागी जोरात फिरणारं) नंतर. रोटरी काठावर आणि उठावाच्या रेषेवर रंग जाळते, तिथं टेप लावायची सवय पहिल्यापासून ठेव. बॉनेट झालं की एक्स्चेंजमध्ये, म्हणजे नवी घेताना गिऱ्हाइकानं दिलेल्या, जुन्या गाड्या. मंदीत आम्ही जगतो ते याच गाड्यांवर. कोऱ्या गाडीला शॅम्पू आणि व्हॅक्यूम पुरतं. दहा वर्षं वापरलेल्या गाडीत तंबाखूचे डाग, सांडलेलं दूध, कुत्र्याचे केस, पिवळे हेडलाइट, सगळं मिळतं. तीन दिवस घासून ती गाडी चमकली आणि शेजारच्या कोऱ्या गाडीजवळ थांबलेलं गिऱ्हाईक तिच्याकडं वळलं, की जो आनंद होतो तो मला डिलिव्हरीच्या गर्दीत कधी मिळाला नाही.

पुराचंही सांगून ठेवतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे तुला माहीत आहेच. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवे बंद पडला, आणि पाणी उतरल्यावर चिखलानं भरलेल्या गाड्या आल्या. अशी गाडी आली की सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, पाणी कुठवर चढलं त्याची रेघ तिथं दिसते. चावी फिरवू नकोस. बॅटरी मेकॅनिककडून सोडवून घे, सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला स्वतः हात लावू नकोस, ते एअरबॅगचं असतं. मग सीट, कार्पेट, त्याखालचा फोम सगळं बाहेर. वरून कोरडं दिसलं तरी फोम आठवडाभर पाणी धरून ठेवतो, आणि वास तिथूनच येतो.

मंदीत तुला रंगावर लावायचं सिरॅमिक कोटिंग विकायलाही सांगतील, त्यावर इन्सेंटिव्ह असतं. विक, पण खरं सांगून. सिरॅमिकनं पाणी घसरतं, धुणं सोपं होतं. दगड उडून लागला तर टवका जातोच. भर पावसात बंद शेड नसेल तर लावायला नको म्हण, पहिला दिवसभर त्याला पाणी लागू द्यायचं नसतं.

मुलाखतीला गेलास की तीन गोष्टी विचार: पटावर कुणाच्या, मंदीत सक्तीची बिनपगारी सुट्टी देतात का, आणि एक्स्चेंजच्या गाड्या आतच तयार होतात की बाहेर पाठवतात. बाहेर पाठवत असतील तर दुसरं शोरूम बघ, तिथं पितृपक्षात तुला खरंच बसून राहावं लागेल. जूनमध्ये लागणार असलास तर गमबूट आणि हातमोजे स्वतःचे घेऊन जा, शोरूमचे तुझ्या मापाचे नसतात.