भांडं आधी मोजा, चूल मागाहून

मागच्या अंकात तांब्याच्या बंबावर चार ओळी लिहिल्या होत्या. मधल्या नळकांड्यात जाळ आणि सभोवती पाणी, म्हणून थोडक्या काटक्यांवर आंघोळीचं पाणी कढत होतं, एवढाच मुद्दा होता. त्यावर जी पत्रं आली त्यातल्या बहुतेकांना बंब नको, चूल हवी आहे. उचलून नेता येणारी, कमी जळण खाणारी. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ चुलीला: आधी पत्र, खाली माझं उत्तर.

पाटण तालुक्यात डोंगराकडेला आमचं रान आहे. आई दिवसभर तिथल्या खोपटात असते, स्वयंपाकही तिथेच करते. तीन दगडांची चूल आहे. व्हिडिओत तेलाच्या डब्याची 'रॉकेट' चूल पाहिली. माझ्याकडे १५ किलोचा रिकामा डबा आहे, ग्राइंडर आहे, वेल्डर ओळखीचा आहे. फक्त मापं सांगा. (पाटण)

मापं सांगते, पण आधी आईचं रोजचं पातेलं घ्या आणि त्याच्या बुडाला फूटपट्टी लावा. सगळी मापं तिथून निघतात.

लोकांना वाटतं, तीन दगडांत लाकूड नीट जळत नाही म्हणून वाया जातं. तसं नाही. उघड्या जाळातही लाकडातली ९० टक्क्यांच्या आसपास उष्णता बाहेर पडतेच. भांड्यात मात्र त्यातली जेमतेम दहा-पंधरा टक्के शिरते, उरलेली वाऱ्यावर. न जळलेला थोडा भाग म्हणजे धूर. तो आईच्या डोळ्यांचा आणि छातीचा शत्रू, पण जळणाच्या हिशेबात त्याचा वाटा लहान. म्हणजे दोन कामं वेगवेगळी आहेत: धूर जाळून टाकणं आणि धग भांड्याला चिकटवणं. व्हिडिओवाले पहिलं दाखवतात, दुसरं विसरतात.

पहिलं काम अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात सोपं करून ठेवलं. त्यांची 'रॉकेट' चूल म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखी नळी, आडव्या तोंडातून लाकूड, उभ्या भागात जाळ, आणि नळीभोवती हलकं, उष्णता अडवणारं भरण. उभी नळी तापलेली राहिली की लाकडातून निघणारा वायू वर जाता जाता पेटतो. लाकडाच्या वजनाचा पाऊण हिस्सा असा वायू होऊनच जळतो, निखारा होतो तो थोडा. नळी थंड असेल तर तोच वायू धूर होऊन बाहेर पडतो.

नळीसाठी दूध डेअरीचं भंगार पाहा. चार इंची स्टेनलेस पाईपचे तुकडे मिळतात, ३०४ ग्रेडचे. साधा काळा पत्रा लावलात तर काही महिन्यांत पापुद्रे सुटून चाळण होईल. जस्त चढवलेला पत्रा जाळाच्या जवळपास नकोच, त्याची वाफ अंगावर येते, ताप भरतो. वेल्डरला विचारा, त्याने अनुभवलं असेल. डबा साधारण साडेतेवीस सेंटिमीटर चौरस भरतो, म्हणजे १० सेंटिमीटरची नळी मधोमध उभी केली की चारी बाजूंना पावणेसात सेंटिमीटर जागा उरते. तीत भाताच्या तुसाची राख भरा. तुमच्याकडे भात पिकतो, गिरणीवर ती मिळेल. कोरडी, हलक्या हाताने भरा, ठेचून दाबू नका. अडवते ती राखेतली हवा. भरताना नाकाला फडकं बांधा. तळातही चार बोटं राख हवी.

आडव्या तोंडात खालून एक तृतीयांश उंचीवर एक पट्टी सरकवा. लाकूड पट्टीवर, हवा पट्टीखालून. पट्टी उभ्या नळीच्या अलीकडेच संपू द्या, म्हणजे हवा निखाऱ्यांच्या खालून वर येते. तोंड लाकडांनी गच्च भरलं की चूल रुसते. अंगठ्याएवढ्या तीन-चार काटक्या पुरतात, जळतील तशा आत सरकवायच्या. हे आईला आधी सांगून ठेवा. ओंडका घालून भांगलायला जाण्याची सवय या चुलीला चालत नाही.

आता दुसरं काम. नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. गरम हवेला पुढे जिथे जिथे जायचं आहे तिथे तेवढीच वाट द्या, कमी नाही, जास्त नाही. कमी दिली तर धूर तोंडातून उलटा फिरतो. जास्त दिली तर धग भांड्याला न शिवता निसटते. हिशेब केला तर नळीच्या काठाशी पातेल्याखाली अडीच सेंटिमीटर फट लागते. पातेलं २४ सेंटिमीटरचं असेल तर त्याच्या कडेशी फक्त १. म्हणून वरचा पत्रा सपाट नको, उथळ परातीसारखा मध्ये दीड सेंटिमीटर खोलगट ठोकून घ्या. तो डब्याहून मोठा, २८ सेंटिमीटरचा, स्टेनलेसचाच. टेकू म्हणून तीन नट वेल्ड करून त्यांत बोल्ट फिरवा, उंची हवी तशी करता येते.

पातेल्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळा, बाजूंची फट १ सेंटिमीटर. गणित करून पाहा: १३ चा वर्ग वजा १२ चा वर्ग, गुणिले पाय (३.१४). तेच साडेअठ्ठ्याहत्तर येतात. सुरुवातीला फट थोडी सैल ठेवा, धूर मागे येत नाही असं दिसलं की आवळत न्या. पट्टीला लांबट भोकं पाडून नट-बोल्ट लावला तर दुसऱ्या पातेल्यालाही चालेल. माझ्या मते या चुलीत सगळ्यात जास्त जळण वाचवते ती ही पट्टी, आणि बाजारच्या बहुतेक चुलींमध्ये नेमकी तीच नसते.

पाय तीन लावा. रानातली जमीन कधी सपाट नसते, चार पायांची चूल डुगडुगते. पण पाय डब्याच्या बाहेर फाकवा. आई पिठलं घोटताना पातेल्याला एका बाजूने जोर देते, तेव्हा चूल कलंडता कामा नये. कडी लाकडी मुठीची.

चुलीला आतून-बाहेरून वीतभर मातीचा थर दिला. धग आतच राहील असं वाटलं होतं, पण जळण पूर्वीइतकंच लागतं. कारण काय? (सिन्नर)

माती धग अडवत नाही, पिते. वीस किलो माती दोनशे अंशांनी तापवायला लागणाऱ्या उष्णतेत दहा लिटर पाणी उकळून निघेल. सगळा थर काही तेवढा तापत नाही, पण तुमचा सकाळचा चहा मातीच आधी घेते, हे खरं. अडवायला हलकं द्रव्य लागतं: तुसाची राख, भट्टीवाल्यांकडची हलकी इन्सुलेशन वीट. ती करवतीने कापता येते, हातात घेतली की नेहमीच्या विटेपुढे पोकळ वाटते. घरात काहीच नसेल तर चाळलेली लाकडाची राखही मातीपेक्षा बरी.

माती मोडून मात्र टाकू नका. जिथे चूल चार-पाच तास पेटती असते, दूध आटवायचं असतं, हुलगे शिजत ठेवायचे असतात, तिथे तापलेली माती मंद आचेचं काम फुकटात करते. दोन वेळा अर्धा-अर्धा तास पेटणाऱ्या चुलीला ती परवडत नाही, एवढंच.

सूनबाईंच्या माहेरून तयार रॉकेट चूल आली. भात, आमटी झटपट होते. पण ज्वारीची भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते, शेकायला निखारेही नाहीत. चूल आता कोंबड्यांच्या खुराड्यावर पडून आहे. उपाय आहे का? (बार्शी)

काकू, या पत्राबद्दल तुमचे खास आभार. चुली बनवणाऱ्या सगळ्यांनी ते भिंतीला लावावं. चाचण्या पाण्यावर होतात, पाण्याला मधली आच आणि कडेची आच यांचं काही पडलेलं नसतं. भाकरीला असतं.

झालंय असं, की अरुंद नळीतून येणारा जाळ तव्याच्या मध्यावर टोचतो. तुमच्या जुन्या चुलीत जाळ पसरट होता, तवा सगळीकडून तापायचा आणि पुढ्यात ओढलेल्या निखाऱ्यांना टेकवली की भाकरी टम्म फुगायची. नव्या चुलीत निखारा जवळजवळ उरतच नाही. तीच तर तिची हुशारी.

थोडं जमण्यासारखं आहे. तीन मिलिमीटर जाड लोखंडाची, तळहाताएवढी चकती कापून घ्या, तिला तीन छोटे पाय लावा आणि नळीच्या तोंडावर बोटभर उंच बसवा. जाळ चकतीवर आपटून कडेला पसरतो. भाताच्या वेळी चकती काढून ठेवायची, नाहीतर वेळ वाढेल. तवा पातळ पत्र्याचा असेल तर बिडाचा वापरा. बीड सावकाश तापतं, पण उष्णता पसरवून देतं. आच धरायला काटक्या कमी करा, फुंकणी लांब ठेवा. भाकरी तव्यावरच पालथी घालून फडक्याने दाबत फुगवता येते. निखाऱ्यावरची चव तिला येत नाही, हे मीही मान्य करते.

म्हणून सांगते: जुनी चूल राहू द्या. भाकरी तिच्यावर, बाकीचं नव्या चुलीवर, गॅस असेल तर चहा-दूध गॅसवर. तीन प्रकारच्या आचेवर घर चालवणं यात मागासलेपण नाही. सरकारने १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, २००२ च्या सुमारास तो आटोपला. त्यातल्या कितीतरी 'निर्धूर' चुली नुसतं धुराडं उरल्या, कारण भांड्यांची भोकं आखताना घरातलं भांडं आणि भाकरी कोणी विचारलीच नव्हती. त्याच्याही आधी वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल झाली होती, म्हणजे हा खटाटोप आपल्याकडे नवा नाही.

डोंबिवलीत फ्लॅट आहे. बाल्कनीत चुलीवरचं मटण करायची हौस आहे. अशी छोटी चूल चालेल का?

नको. कितीही चांगली चूल असली तरी पेटवताना आणि विझवताना धूर होतोच, तो वरच्या मजल्यावरच्या बाळाच्या खोलीत जातो. आणि थंडीत उरलेले निखारे शेगडीत घालून खोलीत ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद खोलीत झोपेतच जीव जातो. मटणासाठी गावी जा.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी संगणकाचा पंखा लावून चूल करतोय. किती कार्यक्षमता येईल आणि ती मोजायची कशी? (नागपूर)

भारतीय मानक आयएस १३१५२, २०१३ ची आवृत्ती, वाचून काढा. बिनपंख्याच्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के औष्णिक कार्यक्षमता मागितली आहे, शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि धूलिकणांच्या मर्यादा आहेत. धूर मोजायला यंत्र लागतं, ते कॉलेजकडून मिळवा. जळणाचा हिशेब मात्र वजनकाट्यावर आणि थर्मामीटरवर होतो.

पाच लिटर पाणी मोजून घ्या, तापमान टिपा, झाकण न लावता उकळी आणा. आधी लाकूड तोला, उकळी फुटताच उरलेलं लाकूड विझवून तोला, निखारे झटकून वेगळे तोला. कोळशात ग्रॅममागे लाकडाच्या साधारण दुप्पट उष्णता असते, म्हणून वापरलेल्या लाकडातून कोळशाच्या वजनाची दुप्पट वजा करा. मग लिटर गुणिले वाढलेले अंश गुणिले ४.२ हे वर, आणि निव्वळ लाकडाचे ग्रॅम गुणिले १५ हे खाली. हा १५ वाळलेल्या लाकडाचा अंदाज आहे, किलोला १५ मेगाज्यूल. पाच लिटर २५ वरून १०० अंशांवर ४२० ग्रॅम लाकडात गेलं तर बरोबर २५ टक्के. एक किलो लागलं तर साडेदहा, म्हणजे तुमची चूल तीन दगडांच्याच रांगेत. चाचणी उंचावर केलीत तर १०० धरू नका, महाबळेश्वरात पाणी पंच्याण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं.

पंख्याबद्दल: तो नळीपासून लांब, पाईपच्या टोकाशी बसवा, नाहीतर पाती वितळतील. सगळी हवा खालून देऊ नका. जास्त वाटा वरच्या बाजूला भोकांच्या कड्यातून द्या, वायू तिथेच पेटतो. वेग कमी-जास्त करायची सोय हवी. आणि अहवालात प्रामाणिकपणे लिहा की जळण सुपारीएवढं तोडावं लागतं, नाहीतर दाबलेल्या भुशाच्या गोळ्या विकत घ्याव्या लागतात, आणि पॉवर बँक उतरली की चूल धुमसते. खानावळीला हे जमेल. रानातल्या खोपटाला मी बिनपंख्याचीच देईन. खरं करून दाखवायचं असेल तर एकाच चुलीवर पातेल्याभोवतीच्या पट्टीसह आणि तिच्याशिवाय चाचणी घ्या. परीक्षकांना पंख्यापेक्षा तो फरक जास्त आवडेल.

पावसाळ्यात कोणतीही चूल धुरकटतेच. चुलीचा दोष की लाकडाचा? (लांजा)

लाकडाचा. ओल्या लाकडाच्या किलोत ४०० ग्रॅम पाणी असेल तर जाळ आधी ते पाणी उडवत बसतो, आणि उडणारी वाफ नळी थंड करते. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: टणक आवाज आला तर वाळलेलं, बोदा आला तर ओलं. मेमध्येच काटक्या बोटाएवढ्या तोडून माळ्यावर टाका, ओंडके पावसात वाळत नाहीत. दुसऱ्या दिवशी लागणारं सरपण रोज चुलीच्या मागच्या अंगाला, जाळापासून हातभर लांब उभं करून ठेवा. नारळाच्या झावळीचे देठ चांगले जळतात, पण चिरून. अख्खे घातले तर त्यांचाही धूरच होतो.