काम तेवढंच आहे, मग आताच का सोसत नाही?

“मॅडम, हेच सगळं मी दोन वर्षं हसत केलं. आता सासूबाईंनी नुसती हाक मारली तरी छातीत धस्स होतं. मी कमकुवत झालेय का?”

सिंहगड रोडला राहणाऱ्या पन्नाशीच्या एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) घरात आजारपण काढणारे बरेच जण हेच विचारतात.

आधी सासूबाई रात्री अकराला आणि पहाटे चारला उठत, अगदी घड्याळ लावल्यासारख्या. विस्मरण वाढलं तसा त्याचा नेम राहिला नाही. कधी पाच हाका, कधी एकही नाही. “हाक येत नाही ती रात्र जास्त वाईट. कान तिकडेच लागलेले असतात.”

मी त्यांना आधी दीर्घश्वसन शिकवलं. चूक माझीच, रोग एक, औषध भलतंच.

गुरुवारी पाणी बंद, असं आदल्या दिवशी पेपरात आलं की आपण पुणेकर पिंपं भरून निवांत असतो. न सांगता नळ कोरडा पडला की सोसायटीच्या ग्रुपवर रणकंदन! पाणी तेवढंच गेलेलं असतं. १९७०च्या सुमारास जे वाइस या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर हेच पाहिलं. विजेचे झटके सारखेच, पण ज्यांना झटक्याआधी बीप ऐकू यायचा त्यांच्या पोटात अल्सर खूपच कमी. बीप नाही, म्हणजे आत्ता झटका नाही, एवढं त्यांना कळत होतं. बाईंच्या रात्रीला असा बीपच नव्हता.

मग निदान एक रात्र नक्की मोकळी असावी म्हणून शनिवारची रात्र नवऱ्याकडे द्यायची ठरली. पहिले दोन शनिवार फुकट गेले. ते घोरत राहिले, उठल्या याच. शेवटी दर शनिवारी कोथरूडला बहिणीकडे झोपायला जायचं ठरलं. नवरा कुरकुरला, पण उठायला शिकला.

ग्लास आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग मी त्यांना सांगितला होता. कर्कश आवाजात बसवलेल्या काही जणांना आवाज बंद करायचं बटण दिलं होतं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही, तरी बटण नसलेल्यांपेक्षा ते नंतरच्या कोड्यांना जास्त चिकाटीनं भिडले.

दोन महिन्यांनी बाई आल्या. “या शनिवारी गेलेच नाही. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. सासूबाई तीनदा उठल्या, मीच गेले. आणि मधे झोपलेसुद्धा.”