राजकीय व्यंगचित्रात उपरोध नेमका कशात असतो?
नुसत्या शिव्या घातल्या की व्यंग होत नाही. अबू अब्राहम यांचं डिसेंबर १९७५ मधलं चित्र बघा. राष्ट्रपती अंघोळीच्या टबात बसलेत, दारातून आलेल्या हाताकडे सही केलेला कागद परत देतायत. आणखी वटहुकूम असतील तर थांबायला सांगा म्हणे! ना पोलीस, ना काठी. आणीबाणीत कपडे चढवायलाही न थांबता सह्या होत होत्या, एवढंच दाखवलंय.

इंदूरला राजवाड्याजवळ पोहे खाताना काकांना मोबाइलवर हे दाखवलं. पोटभर हसले. मग बोटावरचा जिरावण मसाला झटकत म्हणाले, "अरे, पण ह्यात इंदिराबाई कुठायत?"

तेच तर! हुकूम ज्यांचा, त्या चित्रात नाहीतच.