शूट झाल्यावर नको, आधी विचारा : हौशी फिल्मवाल्यांची प्रश्नोत्तरे

मी बरीच वर्षं मुंबईत साउंडचं काम केलं, आता मालवणात राहते. आसपासची कॉलेजची पोरं, शिक्षक, बँकेतले लोक, होमस्टेवाले असे हौसेने शॉर्टफिल्म करणारे येतात किंवा लिहून विचारतात. खूप बरं वाटतं. पण दर आठवड्याला तेच चार-पाच गोंधळ येतात आणि बहुतेक वेळा शूट संपल्यावर येतात, जेव्हा करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतेय. नावं गाळलीत, गावं ठेवलीत.

रत्नागिरी : ४० हजार साठवलेत. कॅमेरा घेऊ की भारी फोन?

आहे तोच फोन वापरा, पहिल्या दोन फिल्म त्याच्यावरच होऊ देत. आठ-दहा हजारांत माइक, ट्रायपॉड आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या, बाकीचे पैसे राहू देत बँकेत, आणि कॅमेरा घ्यायचाच असेल तर आधी एक दिवस भाड्याने आणून बघा.

कुडाळ : जत्रेतला दशावतार रात्रभर शूट केला, सगळ्या व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकतायत. मोबाइल खराब आहे का?

मोबाइल ठीक आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि ऑटोवर टाकलेला फोन शटर मनाला येईल तसं बदलत बसतो. मॅन्युअल मोड असलेलं ॲप घ्या, २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० वर लॉक करा. स्टेजवरचे रंगीत एलईडी स्वस्तातले असले तर एवढ्यानेही पट्टे जात नाहीत, मग शटर थोडं थोडं सरकवत स्क्रीनवर बघायचं. हे नाटक सुरू व्हायच्या आधी, लाइट लागले की लगेच करायचं काम आहे. झालेल्या शूटमधले पट्टे पूर्ण जात नाहीत. आणि मंडळाच्या मालकांना, देवस्थानला विचारून शूट केलंत ना? नसेल तर टाकण्याआधी विचारा.

देवगड : वीस मिनिटांची फिल्म केली, अर्धी किनाऱ्यावर, अर्धी आंब्याच्या बागेत. आवाज फोनवरच घेतला. दिसायला मस्त झालीये पण डायलॉग समुद्रात बुडालेत. एका ॲपची जाहिरात बघितली, एका क्लिकमध्ये नॉइज साफ, वर्षाचे चार हजार. घेऊ का?

लगेच नका घेऊ. आधी फुकटची ट्रायल घ्या आणि ती तुमच्या सगळ्यात वाईट शॉटवर चालवून बघा. त्या जाहिरातींत पंख्याची घरघर काढून दाखवतात. पंखा, फ्रीज यांचा आवाज एकसारखा असतो, तो बऱ्यापैकी निघतो. लाट तशी नसते, ती चढते, फुटते, ओसरते, आणि फुटताना तिचा आवाज खर्जापासून पार वरच्या पट्टीपर्यंत पसरतो, म्हणजे आपला स, श, च, फ जिथे असतो तिथेही. सॉफ्टवेअर लाट खरवडायला गेलं की ही अक्षरंपण सोबत जातात. मागे एकांनी अशी साफ केलेली क्लिप आणली होती, त्यात मुलगी म्हणते 'शाळा सुटली' आणि ऐकू येतं 'आळा उटली', तेही हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं.

सगळी गडबड अंतरात आहे. फोन ट्रायपॉडवर, नट आठ फुटांवर, आणि समुद्र चहूकडे. उघड्यावर अंतर अर्धं केलं की बोलणाऱ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे आठ फुटांवरचा माइक चारवर, मग दोनवर, मग एक फुटावर आणला की १८ डेसिबल मिळाले, आणि समुद्र आहे तेवढाच राहिला. हे कुठलंही ॲप देऊ शकत नाही. त्यात फोन स्वतःहून आवाजाची पातळी वरखाली करतो, नट थांबला की फोनला वाटतं आवाज कमी पडला, तो पातळी चढवतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी समुद्र फुगून अंगावर येतो. तुमची फिल्म परत हेडफोनवर ऐका, नक्की सापडेल.

वायरचा साधा कॉलर माइक हजार-दीड हजारात येतो. तो दुसऱ्या फोनला लावा, तो फोन फ्लाइट मोडवर टाकून नटाच्या खिशात, रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी, म्हणजे एडिटला जुळवता येतं. माइक हनुवटीच्या खाली एक वीत. बाई असेल तर मंगळसूत्र बघा, मण्यांची वाटी माइकवर टकटक लागते आणि ती प्रत्येक श्वासाला लागते, शूटला कोणाच्या लक्षात येत नाही. खळ घातलेली सुती साडी कुरकुरते, नायलॉन सळसळतं, जुनं धुतलेलं लुगडं सगळ्यात चांगलं. माइकवर केसाळ टोपी हवीच, किनाऱ्यावर नुसता स्पंज पुरत नाही.

आता वेळ. किनाऱ्यावर डायलॉग असेल तर आधी तिथी बघा. आपल्याकडचे जुने लोक तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे चतुर्थी-पंचमीला सकाळी नऊ ते पावणेदहाच्या सुमारास पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं, आणि सकाळी मतलई वारा पडत आलेला असतो, खारा वारा अजून उठलेला नसतो. दुपारी तीच जागा बघा, उभं राहून बोलता येत नाही. हा ढोबळ हिशोब आहे, गावातल्या रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना विचारून आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून पक्कं करा. अजून एक, वारा लागू नये म्हणून सगळे सुरूच्या बनात जातात. सुरूची पानं सुयांसारखी, वाऱ्याला त्यांचा सतत स्सस्स चालू असतो, लाटेपेक्षा वाईट. त्यापेक्षा वाळूच्या उंचवट्यामागे खाली बसून सीन करा. बागेत फवारणीचा पंप कुठे चालू आहे ते आदल्या दिवशी शेजारच्या बागवाल्याला विचारा, चांगली माणसं असतात, तासभर थांबतात.

आणि कृपा करून शूटला एक माणूस फक्त हेडफोन लावून बसवा, त्याला दुसरं काही काम देऊ नका, ऐकू आलं नाही की 'परत' म्हणायचा अधिकार त्याला द्या. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून एक मिनिट नुसता जागेचा आवाज घ्या. सीन झाला की नटांना तिथेच, कॅमेरा बंद ठेवून, माइक तोंडाजवळ धरून सगळे डायलॉग परत म्हणायला लावा. तो सूर, ती धाप अजून अंगात असते, महिन्याने खोलीत बसून ती येत नाही.

तुमच्या या फिल्मचं म्हणाल तर नटांना घेऊन त्याच जागी चांगल्या वेळी जा, फोनवर सीन दाखवत एकेक वाक्य परत घ्या, आणि तुमचा आताचा समुद्र त्याच्याखाली हलका ठेवा. पण त्याआधी एखाद्या साउंड एडिटरला पाच मिनिटांचा तुकडा ऐकवा, काही सीन वाचतीलही.

गुहागर : दहा सेकंदांपर्यंत गाणं वापरलं तर कॉपीराइट लागत नाही ना?

लागतो. दहा सेकंद, तीस सेकंद असली कुठलीही सूट १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाही, ही ऐकीव गोष्ट आहे आणि मी ती ऐकून थकलेय. गीत आणि चाल यांचा हक्क ती करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, रेकॉर्डिंगचा वेगळा, ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं. त्यामुळे संतांचा अभंग मोकळा असतो पण कोणी हल्ली गायलेलं त्याचं रेकॉर्डिंग मोकळं नसतं. तुमच्या वाडीतल्या भजनी मंडळाला पारंपरिक चालीत गायला सांगा, चांगला माइक लावून रेकॉर्ड करा, बुवांची सही घेतलेला एक कागद ठेवा. पैसे मिळणार असतील तर वकिलाला दाखवूनच पुढे जा.

वेंगुर्ला : लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय. तांदळात ठेवली तर जाईल का?

ती बुरशी आहे, तांदळाने जात नाही. तांदळाची पूड उलट फटींत बसते. लेन्स आत्ताच बाकीच्या सामानापासून वेगळी ठेवा आणि लेन्स दुरुस्त करणाऱ्याला दाखवा, घरी उघडू नका, पावसाळा संपेपर्यंत थांबूही नका, कारण बुरशी जास्त दिवस राहिली तर काचेवरचा थर खाते. पुढच्या वेळेसाठी रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, आत रंग बदलणारी सिलिका जेल, रंग बदलला की गरम करून वाळवायची. किनाऱ्यावरून आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग कॅमेरा आणि ट्रायपॉडचे पाय किंचित ओल्या मऊ फडक्याने पुसून कोरडे करा. मिठावर कोरडं फडकं घासू नका.

दापोली : सुवर्णदुर्गावर ड्रोन उडवून सुरुवातीचा शॉट घ्यायचाय. ड्रोन २५० ग्रॅमचा आहे, म्हणजे परवानगी नको ना?

दोन वेगळ्या परवानग्या आहेत. ड्रोन नियम २०२१ मध्ये २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला बऱ्याच सवलती आहेत, पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण रेड झोन, म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही तो भाग, त्यालाही रेडच असतो. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या साइटवर नकाशा आहे, उडवायच्या दिवशी सकाळी परत बघा. किल्ला वेगळा विषय. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले, २०२५ च्या जुलैत ते जागतिक वारसा यादीत गेलेत. 'तिकडे कोण बघतंय' असं सांगणारे मित्र नंतर सोबत येत नाहीत. खात्याकडे आणि हर्णैच्या पोलिसांकडे बरंच आधी विचारा. किल्ला हर्णैच्या किनाऱ्यावरून चांगला दिसतो, ट्रायपॉड लावून पहाटे घ्या.

सावंतवाडी : जुन्या घरात माजघर फार अंधारं आहे. १५ हजारांचं एलईडी पॅनल घेऊ?

आधी पांढरी चादर घ्या. दारातून येणारं ऊन चादरीवर पाडा आणि परतलेला उजेड माजघरात जाऊ द्या, सावल्या मऊ पडतात. सत्यजित राय यांचे कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी १९५६ च्या 'अपराजितो'साठी बनारसमधल्या घराचा सेट स्टुडिओत होता तेव्हा वर पांढरं कापड ताणून त्यावरून उजेड परतवला होता. आपल्याकडे खरं घर आणि खरं ऊन आहे. आणि ओल्या अंगणात एक्स्टेन्शन बोर्ड ओढायचा असेल तर वायरमनला बोलवा, हे टाळू नका.

अलिबाग : सात दिवसांचा फिल्ममेकिंग कोर्स, ४५ हजार, सर्टिफिकेट आणि मालिकेत संधी. शिवाय आमच्या फिल्मला एका ऑनलाइन फेस्टिव्हलचं बक्षीस मिळालंय, ट्रॉफीसाठी सहा हजार मागतायत.

ट्रॉफीचे पैसे देऊ नका. बक्षीस देणारा पैसे मागतो तेव्हा ते दुकान असतं. कोर्सवाल्यांना तीन गोष्टी विचारा: एका कॅमेऱ्यामागे किती जण, एडिट प्रत्येकजण स्वतः करणार का, मागच्या बॅचच्या फिल्म बघायला मिळतील का. संधीचं लिखित मागा, ते देणार नाहीत. पुण्याच्या एफटीआयआयचे छोटे कोर्स असतात, त्यांच्या तारखा बघा. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती उतरवून घ्या, त्यात तुमच्या कामाचं सगळं आहे.

चिपळूण : फुटेज एका हार्ड डिस्कवर आहे, पुरेल?

नाही, आज दुसरी घ्या आणि ती दुसऱ्या घरात ठेवा.

मालवण : आमच्या गोष्टीतले चारही नट मच्छीमार आहेत. मासेमारी बंद असते तेव्हाच, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, त्यांना वेळ. भर पावसात शूट जमेल?

जमेल, आणि मला ही कल्पना फार आवडली, कारण बोटी वर ओढलेल्या, जाळी विणत बसलेली माणसं हे दोन महिने कोणी नीट शूट करत नाही. पण गोष्ट पावसाला धरून लिहा. बाहेरचे सीन शक्यतो बिनबोलके, डायलॉग घरात. घर निवडताना वर पत्रा आहे की कौलं ते आधी बघा, पत्र्याखाली डायलॉग होणारच नाही, कौलांखाली सर थोडी उतरली की होतो. चिऱ्याच्या उघड्या भिंतींना आवाज आदळून घुमतो, कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीवर दोन-तीन गोधड्या टांगा आणि खाली चटई अंथरा. एका सीनमध्ये पाऊस जोरात आणि पुढच्या शॉटला थांबलेला असं होतंच, म्हणून जोराचा, मध्यम, रिपरिप असे तिन्ही पाऊस वेगवेगळे पाच-पाच मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा. रात्री बेडूक आणि रातकिडे असतात, ते एकदम थांबतात आणि एकदम सुरू होतात, त्यामुळे रात्रीचा डायलॉग सीन एका दमात घ्या. समुद्रात कोणालाही उतरवू नका, कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा नाही, आणि 'चालेल' की 'नाही' हा निर्णय दिग्दर्शकाने घ्यायचा नाही, तुमच्या नटांमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने घ्यायचा.

मे महिन्यातच त्या घरात जा, हेडफोन लावून दुपारी एकदा आणि रात्री एकदा बसा. मग पहिला मोठा पाऊस लागला की परत त्याच खोलीत एकाला डायलॉग म्हणायला लावून एक मिनिट रेकॉर्ड करा आणि ते मिनिट मला पाठवा.