उत्तर: मामाची २००१ ची सिटी व्हीटेक, विकू की मॉडिफाय करू?

चोपड्याच्या भाऊने विचारलंय की मामाकडून २००१ ची होंडा सिटी व्हीटेक मिळाली, घरचे म्हणतात भंगारात दे, मित्र म्हणतात खाली बसव, अलॉय टाक, मोठा पाइप टाक, आणि उन्हात उभी केली की दुपारी चालूच होत नाही, तर सुरुवात कुठून करू.

भो, पहिलं सांगतो, विकू नको. तुझ्याकडे काय आहे ते घरच्यांना माहीत नाही म्हणून ते भंगार म्हणताय. सिटी आपल्याकडे १९९८ ला आली आणि तिचं हे १.५ व्हीटेक इंजिन म्हणजे साधारण १०६ बीएचपी ताकद, ते पण एवढ्या हलक्या गाडीत. २००३ ला पुढची सिटी आली तिच्यात १.५ लाच ७७ बीएचपी होते, मायलेज चांगलं होतं ते मान्य, पण ज्याने जुनी चालवली त्याला फरक लगेच कळला. व्हीटेक म्हणजे काय, तर या इंजिनात इनटेकच्या बाजूला कॅमवर, म्हणजे वाल्व उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, दोन तऱ्हेचे लोब (उंचवटे) असतात, कमी आरपीएमला एक काम करतो आणि वर गेलं की ऑइलच्या प्रेशरने रॉकरमधली, म्हणजे वाल्व दाबणाऱ्या पट्ट्यांमधली, पिन सरकते, रॉकर एकत्र लॉक होतात आणि उंच लोब वाल्व जास्त उघडतो, मग गाडीचा आवाजच बदलतो. होंडाने व्हीटेक पहिल्यांदा १९८९ ला जपानमधे इंटेग्रात दिलं, १६०० सीसीतून टर्बो न लावता १६० पीएस काढले होते. त्याच व्हीटेक तंत्राचं इंजिन तुझ्या अंगणात उभं आहे, ते पण एमएच-१९ पासिंगचं, मला तर ऐकूनच भारी वाटलं.

आता दुपारचं दुखणं. सेल्फ फिरतो पण पकडत नाही, संध्याकाळी आपोआप चालू होते, बरोबर? नव्वद टक्के मेन रिले, म्हणजे टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाला करंट देणारा स्विच. त्या काळातल्या होंडांचं हे जगभरातलं प्रसिद्ध दुखणं आहे आणि आपल्या जळगाव भुसावळच्या ४५ डिग्रीत तर ते येणारच. डॅशबोर्डच्या खाली छोटा डबा असतो, त्याच्यातल्या सर्किटवरच्या पिनांभोवती सोल्डरला गोल बारीक चीर पडते, केबिन तापली की ती चीर फाकते, पंपाला करंट जात नाही. चेक असं कर की गाडी तापलेली असताना काचा खाली घे, नुसती चावी ऑन कर आणि कान मागच्या सीटकडे ठेव, दोन सेकंद पंपाची घुंईं ऐकू आली पाहिजे. नाही आली तर रिले काढून जुन्या टीव्ही रिपेअरवाल्याकडे ने, गॅरेजवाल्याकडे नको, आणि सगळ्या पिनांना नवीन सोल्डर मारून घे. घुंईं येते आणि तरी पकडत नाही तर मग डिस्ट्रिब्युटरमधला इग्नायटर, म्हणजे प्लगची ठिणगी पाडणारा भाग, बघ, तो पण उष्णतेनेच जातो.

दुसरं, थर्मोस्टॅटचा वाल्व, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा, आहे का बघ. आपल्या खान्देशात अर्ध्या गॅरेजवाल्यांनी तो काढून फेकलेला असतो, म्हणे इकडे ऊन लई, कशाला पाहिजे. अरे उन्हाचा काय संबंध, वाल्व नसला की हायवेला इंजिन नीट तापतच नाही, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, मायलेज पडतं, पिकअप मरतो, आणि मग लोक म्हणतात जपानी गाडी पेट्रोल पिते. वाल्व नवीन टाक, रेडिएटर साफ करून कूलंट भर, बोअरचं पाणी चुकूनही नको, आपल्याकडच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजतात. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते मामांना विचार, आठवत नसेल तर बदललाच नाही समजून बदल, तुटला तर वाल्व वाकतात आणि इंजिन खोलावं लागतं. आणि व्हीटेकचा सगळा खेळ ऑइलच्या प्रेशरवर आहे, त्याच्या सोलेनॉइडच्या, म्हणजे ते ऑइल सोडणाऱ्या विजेच्या वाल्वच्या, गॅस्केटला बारीक जाळी असते ती गाळाने बुजली तर वरचा लोब कधीच लागणार नाही आणि तुला कळणारही नाही.

हे सगळं झाल्यावर मॉडिफिकेशनचं बोलू. खाली बसवू नको. काळ्या मातीवरचे आपले रस्ते दर पावसाळ्यात लाटा घेतात, वर गावागावात मनाला येईल तसे स्पीडब्रेकर, गाडी पोटावर घासेल. त्यापेक्षा लोअर आर्मचे बुश, शॉकअप, ब्रेक पॅड नवीन टाक, एवढ्यात गाडी कन्नड घाटात अशी वळते की बाजूला बसलेला गप बसतो. टायर वाढवायचे तर बाहेरचा घेर तोच राहिला पाहिजे, म्हणजे १७५/७० आर१३ चा व्यास ५७५ मिलिमीटर भरतो आणि १८५/६० आर१४ चा साधारण ५७८, असा जोड चालतो, १६ इंची टाकून पिकअप आणि ब्रेक दोन्ही घालवू नको. पाइपचं म्हणशील तर नुसता मागचा मफलर बदलून आवाजाशिवाय काही मिळत नाही, पुढचं हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या नळ्या, चांगलं बसवलं तर वरच्या आरपीएमला थोडं मोकळं वाटतं, पण आवाज मर्यादेतच ठेव.

कायद्याचं पण नीट ऐक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलं, आणि कलम १८२ए खाली एकेका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घे. तुझ्या गाडीची पंधरा वर्षं कधीच झाली, आता दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू, त्यासाठी फिटनेस आणि पर्यावरण कर, म्हणजे आरटीओसमोर गाडी उभी राहणारच आहे. मित्र जपानचे व्हिडिओ दाखवतील, पण तिकडे पण दर दोन वर्षांनी तपासणी असते, जमिनीपासून ९ सेंटीमीटर अंतर लागतंच, आणि खरे शौकीन ती तपासणी पास होईल अशीच गाडी बनवतात.

लोक हसतात म्हणून वाईट वाटून घेऊ नको. सारंगखेड्याच्या यात्रेत जाणकार माणूस घोड्याचे आधी पाय आणि दात बघतो, खोगीर नंतर. आपल्या धुळे जळगावच्या मंडळींच्या भेटीत पण तसंच असतं, मोठ्या स्पॉयलरवाल्या गाडीजवळ पोरं फोटो काढतात, पण जुने लोक बोनट उघडायला लावतात, आणि ज्याच्या बोनटखाली मूळ क्लिपा, मूळ स्टिकर, सुकं स्वच्छ इंजिन असतं त्याच्याजवळ अर्धा तास उभे राहतात. कोणी जिप्सी आणतं, कोणी लान्सर, एकाने वडिलांची क्वालिस अशी जपलीय की सीटवरचं कापड पण कंपनीचं आहे. माझी पण व्हीटेकच आहे आणि मला तिच्यात सगळ्यात जास्त अभिमान कशाचा असेल तर मे महिन्यात दुपारी दोनला सुद्धा ती अर्ध्या सेल्फवर चालू होते याचा.

तर आधी रिले. काढलास की सर्किटच्या मागच्या बाजूचा जवळून फोटो टाक, उजेडात काढ, चीर दिसली तर कुठल्या पिना करायच्या ते मी खूण करून देतो. आणि बेल्टचं मामांना आजच विचार.