शेजारच्या मंडळ्यांशी भागीदारी: उपासना आधी, इमारत नंतर

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुम्ही लिहिले आहे की तालुक्याच्या गावातील तुमच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीपुढे शेजारच्या मेथडिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांनी भागीदारीचा प्रस्ताव ठेवला आहे. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) संयुक्त उपासना, तरुणांचे शिबिर आणि तुमच्या आवारातील बंद पडलेल्या शाळेत तिघांनी मिळून चालवायची अभ्यासिका, असे त्याचे स्वरूप आहे. काही ज्येष्ठ सभासदांना आपली मंडळी यात गिळली जाईल अशी भीती वाटते, आणि ज्या वरच्या कार्यालयाकडे तुम्ही परवानगी मागितली ते काहीच कळवत नाही. हे वाचून उत्तर दिल्यावाचून राहवले नाही, कारण पास्टरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचा, सचिव या नात्याने मी नेमक्या याच अवस्थेतून गेलो आहे. मी वकील नाही आणि तुमच्या मंडळीची कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत, हे लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

मंडळ्यांनी एकत्र का यावे याविषयी मी काही लिहीत नाही. सर्वांनी एक व्हावे ही योहानाच्या 17 व्या अध्यायातील येशूची प्रार्थना तुम्हांला ठाऊक आहेच. माझे म्हणणे असे आहे की तुमच्या प्रस्तावात दोन वेगळ्या प्रकारची कामे एकाच ठरावात आली आहेत आणि ती आधी वेगळी केली पाहिजेत. उत्तम शुक्रवारी तिन्ही पाळकांनी येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवरचे संदेश वाटून घ्यावेत, तरुण संघांनी शिबिर भरवावे, महिला मंडळांनी आळीपाळीने एकमेकींकडे प्रार्थनासभा घ्यावी, यासाठी पाळकसाहेबांची आणि कमिटीची संमती साधारणपणे पुरते. प्रभुभोजन एकत्र घ्यायचे असेल तर मात्र बिशपसाहेबांना आधी विचारावे. इमारत, पैसा आणि दफनभूमी यांची गोष्ट निराळी आहे. तेथे मालकाचा लेखी शब्द लागतो, आणि मिशनच्या काळापासून चालत आलेल्या कित्येक आवारांत कागदोपत्री मालक स्थानिक मंडळी नसतेच.

आमच्याकडेही प्रश्न आवारातील एका जुन्या इमारतीचाच होता. ती दुरुस्त करून तेथे अभ्यासिका आणि शिवणवर्ग चालवायचे असे शेजारच्या मंडळ्यांबरोबर ठरले. जागा एका जुन्या न्यासाच्या नावावर होती आणि त्या न्यासाचा कारभार पाहणारे कार्यालय दुसऱ्या शहरात होते. आम्ही ठरावाची प्रत, नकाशा आणि खर्चाचा अंदाज जोडून पत्र दिले. तेथील अधिकाऱ्यांनी आम्हांला बसवून चहा दिला, कामाचे कौतुक केले आणि सुरू करा, आमची हरकत नाही, असे तोंडी सांगितले. लेखी उत्तर मागितले की पुढच्या बैठकीत विषय घेऊ असे म्हणत, आणि बैठक होऊन गेली की विषय घ्यायचा राहून गेला असे कळे. इकडे त्या तोंडी शब्दावर सगळ्या मंडळ्यांतून वर्गणी जमू लागली होती. पुढे नगरपरिषदेने दुरुस्तीसाठी मालकाचे ना हरकत पत्र मागितले, तेव्हा त्याच कार्यालयाने तुमची फाइल सापडत नाही, नव्या नमुन्यात ठराव पाठवा, असे सांगितले. आम्ही तोही पाठवला, तोवर अधिकारी बदलले होते आणि नव्या अधिकाऱ्यांना आधीच्यांनी दिलेल्या शब्दाची काहीच माहिती नव्हती.

त्यांनी एका ओळीत नकार लिहून दिला असता तरी आमचे काम झाले असते, कारण शेजारच्या मंडळीची लहानशी खोली तेव्हा रिकामी होती आणि आम्ही तेथे अभ्यासिका सुरू केली असती. उत्तरच न आल्यामुळे सर्वांत मोठे नुकसान आपसांतल्या विश्वासाचे झाले. शेजारच्या मंडळीतील वडीलधाऱ्यांची समजूत झाली की आमच्याच कमिटीला त्यांना आवारात येऊ द्यायचे नाही आणि कार्यालयाचे नाव पुढे करून आम्ही चालढकल करत आहोत. त्यांनी वर्गणी परत मागितली, ती आम्ही पावत्यांप्रमाणे परत केली, पण त्यानंतर नाताळच्या संयुक्त गायनालाही ते आले नाहीत. ज्या कार्यालयाला गरीब सभासदांच्या दानार्पणातून दरवर्षी ठरलेला हिस्सा जातो, त्याने त्याच सभासदांच्या पत्राला उत्तर देऊ नये, याचा संताप मला आजही होतो.

म्हणून माझा सल्ला असा की इमारतीचा विषय भागीदारीच्या ठरावातून सध्या पूर्णपणे काढावा आणि त्यासाठी वेगळे पत्र द्यावे. ते हातोहात देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. इमारत कोणती, वापर किती काळ, दुरुस्तीचा खर्च आणि वीजबिल कोणाकडे, वापर थांबला तर सामान कोणाचे, हे प्रश्न त्यात स्वतंत्रपणे विचारावेत. त्या पत्राची प्रत शेजारच्या दोन्ही मंडळ्यांच्या सचिवांनाही द्यावी, म्हणजे उशीर कोठे होतो आहे हे त्यांना स्वतःच दिसेल. लेखी उत्तर येईपर्यंत इमारतीसाठी एक रुपयाही गोळा करू नये, असे माझे ठाम मत आहे. कोणी कितीही मोठ्या पदावरून तोंडी हमी दिली तरी माझे मत बदलणार नाही.

जागा नोंदणीकृत न्यासाची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 लागू होतो. त्यानुसार इमारत किंवा बिगरशेती जमीन 3 वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. शिवाय विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अहवाल दाखल करायचा असतो, आणि अनेक ठिकाणी तो वर्षानुवर्षे दाखल झालेला नसतो. नोंदवहीत निवर्तलेल्या माणसांचीच नावे असतील तर तुमच्या पत्रावर सही करण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे हेच ठरत नाही. आम्हांला उत्तर न मिळण्याचे एक कारण हेही असावे, असे मला वाटते.

ज्येष्ठांच्या भीतीला उत्तर देताना आपलाच इतिहास सांगावा. 1929 पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. वाटाघाटींत असलेल्या अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी ऐनवेळी वेगळे राहण्याचे ठरवले, आणि म्हणूनच तुमची शेजारची मंडळी आजही वेगळी आहे. पुढे एकत्र आलेल्या सहांपैकी ब्रेद्रन चर्चच्या गुजरातेतील मंडळीच्या मिळकतींचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ऐक्याचा ठराव झाला म्हणून मिळकती आपोआप नव्या चर्चकडे जात नाहीत, त्यासाठी संस्था विसर्जित करण्याची आणि न्यास विलीन करण्याची कायद्यातील रीत पाळावी लागते, असा निर्णय न्यायालयाने 2013 मध्ये दिला. प्रत्यक्ष विलीनीकरणाच्या ठरावानेही जे घडले नाही ते उत्तम शुक्रवारच्या एका उपासनेने किंवा शिबिराने घडेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

खरी काळजी मला सभासदांच्या बाबतीत वाटते, आणि पेंटेकॉस्टल बंधूंविषयी मनात पूर्ण आदर ठेवून हे लिहितो आहे. बालपणी बाप्तिस्मा झालेल्या तुमच्या तरुणांना शिबिरात पाण्यात उतरवून पुन्हा बाप्तिस्मा दिला गेला तर भागीदारी त्याच दिवशी मोडेल. बालकांचा बाप्तिस्मा करणारे अँग्लिकन आणि केवळ विश्वास कबूल करणाऱ्यांचा बाप्तिस्मा करणारे बाप्टिस्ट 1970 मध्ये एका चर्चमध्ये येऊ शकले, कारण दोन्ही रीती मान्य असल्याचे त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. तिन्ही मंडळ्यांची शिकवण एक होणार नाही, पण एकमेकांच्या सभासदांना पुन्हा बाप्तिस्मा देणार नाही आणि पाळकांच्या पत्राशिवाय कोणाला सभासद करून घेणार नाही, ही दोन वाक्ये तरी सह्यांनिशी लिहून घ्यावीत. पेंटेकॉस्टल पाळकांना हे मान्य नसेल तर शिबिर वेगळे ठेवावे आणि उपासना तेवढी एकत्र करावी.

अभ्यासिकेसाठी कोणी परदेशी मदतीचे नाव काढले तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला एफसीआरएखाली (परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याखाली) मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, दुसरीकडे नोंदणी असली तरीही. तेव्हा एकीने घ्यायची आणि तिघींत वाटायची, ही योजना पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवावी.

तुमच्या आवाराचे प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा कोणत्या नावावर आहे आणि त्या न्यासाच्या नोंदीत आज विश्वस्त म्हणून कोणाची नावे आहेत, एवढे काढून कळवावे. पत्राचा मसुदा कोणाला उद्देशून करायचा हे त्यावरून ठरेल, आणि तो करण्यात मी आनंदाने मदत करीन.